दोन आणि चार नंबरचा स्लॉट

९ फेब्रुवारी

धाकट्या,

ताईचे आशीर्वाद. तू मागितले नाहीस, तरी असू देत.

तुझा पत्ता आत्याकडून घेतला. तिनं आधी नाही म्हटलं, मग चहा झाल्यावर दिला. तिच्यावर चिडू नकोस. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकून तू ठेवून दिला असतास आणि मग मला पुन्हा करायचा धीर झाला नसता. पत्र निदान हातात तरी येतं. फाडायचं असलं तरी आधी पाकीट उघडावं लागतं.

इकडे सगळं ठीक. दातांची लॅब चालू आहे. बाबांचं लांब टेबल तसंच आहे, फक्त खिडकीकडचा कोपरा मी रिकामा केला. आपली प्लास्टरबाई अजून आहे. सकाळी येते, रेडिओ लावते, दिवसभर साचे ओतते आणि रेडिओवरच्या बातम्यांशी भांडते. आत्याचा गुडघा दुखतो. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय.

आत्या म्हणाली, तू दातांचं काम पार सोडलंस आणि आता लोकांच्या ऑफिसातले कॉम्प्युटर दुरुस्त करतोस. म्हणूनच लिहितेय. एक अडचण आहे आणि इथे मला धड सांगणारं कुणी नाही.

हसायचं तर हस. मी कॉम्प्युटर घेतला. दीड वर्ष झालं. कॅप आणि ब्रिजची डिझाइन आता त्यावरच करते. डॉक्टरीणबाई तोंडाचा स्कॅन पाठवतात, मी पडद्यावर दात बसवते, फाइल मिलिंगवाल्यांकडे जाते आणि ते कापून पाठवतात. कॉम्प्युटर दुकानातून तयार जोडलेला आणला होता, बंद डबा. सुरुवातीला बरा चालायचा. हल्ली पूर्ण जबड्याचे स्कॅन येतात, ते उघडले की प्रोग्रॅम म्हणायचा मेमरी अपुरी. म्हणून दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "सोळा जीबीत कसं भागेल बाई? बत्तीस करा. आणि ही बघा, ३६०० ची. डब्यात आहे त्यापेक्षा कितीतरी फास्ट." मेमरीच्या पट्ट्या दिसायला झकास, वर चंदेरी पत्रा. घेतल्या. आधीच्या दोन काढल्या, या दोन बसवल्या, पहिल्या खाचेपासून ओळीनं.

आता मेमरी बत्तीस दिसते, अपुरी म्हणत नाही. पण कॉम्प्युटर आधीपेक्षा मंद झालाय! दात फिरवायला गेलं की चित्र अडखळत फिरतं. माऊस इथे आणि दात तिथे. टास्क मॅनेजर उघडून बघितलं. आधी मेमरीचा वेग २६६६ होता, मी वहीत लिहून ठेवला होता (तुला माहीत आहे, मी सगळं लिहून ठेवते). आता २१३३. पट्टीवर छापलंय ३६००. जास्त मोठं आणलं आणि कमी झालं, हे कसं?

दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, नवीन आहे, रुळेल. पट्टी काय चप्पल आहे रुळायला?

घाई एवढ्यासाठी की एक मोठं काम आलंय. एक शिक्षिका आहे, लहान मुलांना वाचायला शिकवते. शाळेत शिडीवरून पडली आणि वरचे समोरचे चार दात गेले. तात्पुरते लावलेत, पण "स" म्हणायला गेली की शिट्टी वाजते. पोरं हसतात, मग ती पण हसते, आणि मग घरी जाऊन रडते, असं डॉक्टरीणबाई सांगत होत्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिला वर्गात परत जायचंय. समोरचे दात म्हणजे तुला माहीत आहे, केसाएवढा फरक पडला तरी उच्चार बदलतो. ते दात या रांगणाऱ्या पडद्यावर मला जमत नाहीयेत.

वेळ असेल तर चार ओळी लिही. नसेल तरी ठीक.

तुझी ताई


२७ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. अर्धं पान. वर ना "ताई", खाली ना नाव. तरी मी ते तीनदा वाचलं, आणि प्लास्टरबाईला एकदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अक्षर अजून तसंच आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं."

तू लिहिलंस तसं एकेक केलं. आधी खाचा. डब्याची बाजू उघडून मोजल्या तर चार. आमच्या दोन्ही पट्ट्या पहिल्या आणि दुसऱ्या खाचेत, एकमेकींना चिकटून. तू म्हणालास, दोन आणि चारमध्ये हव्या, नाहीतर दोघी एकाच वाटेनं ये-जा करतात आणि दुसरी वाट रिकामी राहते. आणि या डब्यात चित्रांसाठी वेगळं कार्ड नाही, पडद्यावरचं चित्रसुद्धा याच मेमरीतून उसनं घेऊन काढलं जातं, म्हणून दात अडखळतात. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी बिचाऱ्या माऊसला शिव्या देत होते.

जागा बदलली. कॉम्प्युटर चालू केला. आणि अरे, दात फिरला! लोण्यासारखा नाही, पण फिरला. प्लास्टरबाईनं रेडिओ बंद केला, यावरून काय ते समज.

वेग मात्र २१३३ च. मग तू म्हणालास तसं चालू होताना एफ-टू दाबत राहिले आणि बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, शिरले. पट्टीचा छापील वेग चालू करायची सोय शोध म्हणालास. आमच्या बायोसमध्ये पानं तीन. एकात तारीख, एकात पासवर्ड, एकात कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते. बस. कंपनीच्या साइटवरून नवीन बायोस उतरवून टाकलं, तेही तू लिहिलंस तसंच. मध्ये वीज गेली तर डबा कायमचा झोपेल असं वाचलं होतं, त्यामुळे ती सहा मिनिटं मी खुर्चीच्या कडेवर बसून काढली. वीज गेली नाही. सोयही आली नाही. तीच तीन पानं. डबा बनवणाऱ्यांनी ते दार ठेवलेलंच नाही. आता पुढे काय करू ते सांग.

तुझ्या पत्रातल्या दोन वाक्यांवर मात्र मी अडकले आहे.

एक शेवटचं. "तुझ्यासारखे हात असताना दुसऱ्याकडून का बसवून घेतल्यास?" मी तर तसं लिहिलं नव्हतं. पण तू बरोबर ओळखलंस. पट्ट्या मी बसवल्या असत्या तर "मी बसवल्या" असं मिरवून लिहिलं असतं. त्या प्लास्टरबाईनं बसवल्या, मी शेजारी उभी राहून सांगत होते.

माझे हात थरथरतात, धाकट्या. अडीच वर्षं झाली. आधी उजवा, आता दोन्ही. मेणाचा दात कोरताना टोक हलायला लागलं. पहिले काही महिने मी म्हटलं, थंडी असेल. मग म्हटलं, चहा जास्त होतोय. चहा सोडला, तेव्हा हात तर थरथरलेच, वर डोकंही दुखलं. मग डॉक्टरांना दाखवलं. जिवाला धोका नाही, वाढेल, पण हळूहळू, असं म्हणाले. गोळी आहे, थोडा उपयोग होतो. पण मेण कोरण्याचं काम संपलं.

म्हणून कॉम्प्युटर. आवड म्हणून नाही, काळाबरोबर जायचं म्हणूनही नाही. दुसरा रस्ताच उरला नाही म्हणून. माऊसचा वेग अगदी कमी करून ठेवलाय, कोपर टेबलाला टेकवून काम करते. हात हलला तर एक बटण दाबून मागे येते. तू हेच सांगायचास, "ताई, इथे चुकलं तर मागे येता येतं," आणि मी म्हणायचे, ज्यांच्या हातात कला नाही त्यांनी करावं हे. हे शब्द आता गिळते आहे. कडू आहेत, पण माझेच आहेत.

दुसरं वाक्य. पट्ट्यांबद्दल तू लिहिलंस, "पट्टी चांगली आहे. तिला चुकीच्या जागी बसवलं. दोष तिचा नाही." वाचलं आणि वाटलं, याला कळलंय. सहा वर्षं याला माहीत आहे आणि आता बोलतोय. मग पुन्हा वाचलं तेव्हा समजलं, तू खरंच फक्त पट्टीबद्दल लिहिलं होतंस.

तुला माहीत नाही. म्हणून आता लिहितेय. याच्यानंतर तू उत्तर दिलं नाहीस तर ते मला मान्य आहे.

तुझी पहिली कॅप. तो स्कॅनर तू महिन्याभरासाठी मागून आणला होतास, खालच्या दाढेची कॅप पडद्यावर काढलीस आणि कापून आणलीस. शनिवारी संध्याकाळी माझ्या टेबलावर ठेवलीस आणि म्हणालास, "फक्त चकाकी दे, बाकी काही करू नकोस." तू गेल्यावर मी ती साच्यावर बसवून पाहिली.

ती बसली. कड भिंगाखाली पाहिली. फट नव्हती. शेजारच्या दाताला टेकते ती बाजू, जिथे माझेसुद्धा दोन-तीन वेळा प्रयत्न व्हायचे, तिथे मधे सरकवलेली कागदाची पट्टी बरोबर हवी तशी अडकत होती. बाबांनी शिकवलेली वीस वर्षं माझ्या हातात होती आणि तू ते तीन दिवसांत पडद्यावर केलं होतंस.

मी घासायचं चाक लावलं. पहिल्यांदा खरंच चकाकीसाठी. मग त्या टेकणाऱ्या बाजूवर थांबले आणि घासत राहिले. मला कळत होतं, धाकट्या. हात तेव्हा थरथरत नव्हते. कागदाची पट्टी सैल निघायला लागली तेव्हा थांबले.

आठ दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला, दातात अन्न अडकतंय, पेशंट वैतागलाय. तू तीन रात्री तुझ्याच डिझाइनमध्ये चूक शोधत बसलास. मी तुझ्यासमोर म्हटलं, "हे दात नाहीत, हे खेळणं आहे." डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, त्यांच्या नर्ससमोर म्हटलं. मग माझ्या हातची कॅप बसवली आणि सगळ्यांनी वाहवा केली. महिन्याभरात तू गेलास. जाताना म्हणालास, "माझ्यात ते नाहीये, ताई." मी दारात उभी होते. तेव्हा बोलता आलं असतं. मी म्हटलं, जेवणाचा डबा विसरू नकोस.

चूक डिझाइनमध्ये नव्हती. तुझ्यात होतं ते.

ताई


२६ मार्च

धाकट्या,

तीन आठवडे काही आलं नाही. आत्याला मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही, पण रोज संध्याकाळी गुडघ्याचं निमित्त करून फोन करत होती. मी समजले होते की हे असंच राहणार.

परवा पार्सल आलं. मेमरीच्या दोन पट्ट्या. हिरव्या, साध्या, वर पत्रा नाही, काही नाही. आणि चिठ्ठी: "चंदेरी पट्टीचा मोठा आकडा ती सोय असेल तरच मिळतो. सोय नसेल तर ती आपल्या मूळ वेगानं चालते, तो २१३३. या पट्ट्यांचा मूळ वेगच ३२०० आहे, तुझ्या डब्याला तेवढा चालतो. काही चालू करावं लागत नाही. दोन आणि चार." मी चिठ्ठी खाली ठेवली. प्लास्टरबाई म्हणाली, "मागे पण काहीतरी आहे." मागे लिहिलं होतं: "नेमकं कुठे घासलंस? किती?"

शिव्या दिल्या असत्यास तर मी ऐकून घेतल्या असत्या. तू कारागिराचा प्रश्न विचारलास.

आधी पट्ट्यांचं सांगते. या वेळी मी स्वतः बसवल्या. प्लास्टरबाईनं डबा आडवा धरला, मी मनगट डब्याच्या कडेवर टेकवलं, आणि खाचेतली ती छोटी चीर पट्टीच्या चिरेशी जुळेपर्यंत वाट पाहिली. एकदा निसटली. दुसऱ्यांदा उलटी धरली होती. प्लास्टरबाई म्हणाली, "ताई, द्या इकडे." म्हटलं, "थांब गं." दोन्ही बाजूंनी कट-कट झालं तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. चालू केला. टास्क मॅनेजर उघडला. ३२००. आम्ही दोघी त्या आकड्याकडे अशा बघत होतो की कुणाला वाटावं नातवाचा निकाल लागलाय.

त्या दिवशी आणि काल मिळून शिक्षिकेचे चारही दात पूर्ण केले. चित्र आता माऊसच्या मागे राहत नाही, त्यामुळे मला हातावर लक्ष ठेवता येतं, कुठे हलला, किती मागे यायचं. तिनं स्वतःचा जुना फोटो पाठवला होता, हसतानाचा. डावीकडचा दुसरा दात किंचित वळलेला. सरळ करू का म्हणून विचारलं तर म्हणाली, "नको हो, मुलांना मी ओळखू यायला पाहिजे ना." तो वळवूनच ठेवला. मिलिंगवाल्यांनी आधी प्लॅस्टिकचे नमुन्याचे कापून दिले, ते आज सकाळी दवाखान्यात लावून पाहिले. मी गेले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलून बघा. तिनं खुर्चीत ताठ बसून, वर्गात बोलते तशा आवाजात म्हटलं, "सगळ्यांनी सरळ रांगेत बसा." एकही शिट्टी नाही. मग तिनं तेच वाक्य चार वेळा म्हटलं. शेवटी नर्स खरंच स्टुलावर सरळ बसली. कायमचे दात सोमवारी येतील.

ती गेल्यावर मी डॉक्टरीणबाईंना थांबवलं आणि त्या कॅपचं सांगितलं. सगळं. नर्स तिथेच होती, तिला बाहेर पाठवू नका म्हटलं, कारण तेव्हाही ती तिथेच होती.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढून ठेवले. मग म्हणाल्या, "मी त्या मुलाबद्दल चारचौघांत बोलले आहे. दुसऱ्या डॉक्टरांना सांगितलं आहे, त्याच्याकडे देऊ नका. ते आता मी कसं परत घेऊ?"

"तुम्ही जे सांगितलंत ते माझ्यामुळे सांगितलंत," मी म्हटलं.

"तुमचं काम मी बंद करायला हवं."

"करा."

"ते मी ठरवीन," त्या म्हणाल्या. आवाज कडक होता. पण मी दाराशी पोचले तेव्हा म्हणाल्या, "त्याचा पत्ता लिहून ठेवा इथे." मी ठेवला. तुला न विचारता दिला, तेवढं माफ कर. त्या लिहितील. काय लिहितील ते मला सांगता येत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पुढच्या बाजूला, जिथे ती आधीच्या दाढेला टेकते तिथे, वरच्या एक-तृतीयांश भागात. साधारण पोस्टकार्डाच्या जाडीएवढं. पण सहा वर्षांनी माझ्या आठवणीवर विश्वास का ठेवायचा? आणि मी सांगतेय म्हणून तू मानावंस असंही काही राहिलेलं नाही. म्हणून शोधलं. बाबांच्या सवयीनं मी जुने साचे टाकत नाही. त्या दाढेचा साचा माळ्यावरच्या तिसऱ्या खोक्यात सापडला. तुझी फाइल, तू जाताना टेबलावर ठेवलेल्या त्या पेन ड्राइव्हमध्ये होती. नवीन प्रोग्रॅममध्ये उघडली. काहीही न बदलता, एक टिंबही न हलवता, मिलिंगवाल्यांकडे पाठवली. आज दुपारी ती कापून आली.

साचा आणि कॅप, दोन्ही या पार्सलमध्ये आहेत. मी कॅपला चकाकीसुद्धा दिलेली नाही. कापून आली तशी खडबडीत आहे. साच्यावर बसवून बघ, कागदाची पट्टी सोबत ठेवली आहे. मी बघितलं, पण मी काय पाहिलं ते सांगत नाही. तू बघ.

आणि आणखी एक. नाही म्हणालास तरी चालेल, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. एक म्हातारे गृहस्थ आहेत, दुसऱ्या एका डॉक्टरांकडून आलेले. खालचा पूर्ण जबडा, सहा दातांवर सगळा भार. कॅपची कड दातावर कुठून काढायची ते मला दोन जागी नक्की कळत नाहीये. हिरड्या इतक्या खाली गेल्यात की स्कॅनमध्ये सावलीच सावली. हातांचं कारण नाही. डोळ्यांना, समजुतीला दुसरं माणूस हवं आहे. स्कॅन पेन ड्राइव्हमध्ये घालून पाठवते आहे. तुझ्या ऑफिसच्या कामातून कधी एखादा तास निघाला, तर त्या दोन जागी तुला योग्य वाटेल तिथे कडेची रेघ ओढ. त्या कामाला नाव तुझंच लागेल, डॉक्टरांना तसं आधीच सांगितलं आहे. ते म्हणाले, कोण हा? मी म्हटलं, माझा भाऊ, त्याची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे.

तू ओढशील ती रेघ मी तुला विचारल्याशिवाय हलवणार नाही.

ताई